साडेचौदा हजारांचे शब्द : आंबा विकायला घेतलेल्या एका लेखन-सेवेचा अनुभव

सेवा कसली, तर शेतमाल आणि घरगुती माल विकणाऱ्यांना जाहिरातीचा मजकूर लिहून द्यायचा. पॅकेज 14,500 रुपयांचं. त्यात वेबसाइटचं एक पान, पेटीवरचं लेबल, पेटीत टाकायची चिठ्ठी, वीस व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि तीन वेळा दुरुस्ती. माझे गुण पाचपैकी तीन. त्यातले अडीच एका वाक्याचे आहेत.

कंपनी पुण्याची. नाव लिहीत नाही, कारण ज्या मुलीने माझं काम केलं तिचं मला वाईट करायचं नाही, आणि दुसरं म्हणजे या धंद्यातल्या बऱ्याच जणांचा साचा एकच असतो. तुम्ही अशी सेवा घेतली असेल तर पुढचं वाचून ओळखीचं वाटेल.

आधी माझी बाजू. रत्नागिरी तालुक्यात खाडीच्या अंगाला आमची 160 कलमं आहेत. 2020 पर्यंत सगळा माल वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. दलालाची पट्टी यायची, त्यात भाडं, हमाली वजा होऊन जे उरेल ते आपलं. पट्टी बघून वाद घालायची सोय नसते, कारण पेटी उघडली तेव्हा आपण तिथे नसतो. लॉकडाउनच्या उन्हाळ्यात वाशीचं गणित बिघडलं तेव्हा मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट पेट्या पाठवायला लागलो, बऱ्याच बागायतदारांनी तेव्हाच सुरुवात केली. पहिल्या वर्षी लोकांना आंबा हवाच होता, शब्दांची गरज पडली नाही. नंतर प्रत्येकाच्या फोनवर दहा-दहा बागायतदार झाले. सगळ्यांचा मेसेज एकच: ‘अस्सल, नैसर्गिक, बागेतून थेट’. माझाही तोच. ही सेवा घेण्याआधीच्या हंगामात माझ्या थेट पेट्या 96 वर अडकल्या, तेव्हा बायको म्हणाली, फवारणीला पैसे घालता, खताला घालता, चार शब्दांना घाला एकदा.

वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, मत वेगळं होतं. त्यांच्या काळात पेटीवर काळ्या शाईने फक्त मार्का मारायचे. पत्र्यात कापलेली तीन अक्षरं, वरून ब्रश फिरवला की झालं. बाजारात मार्का बघून भाव निघायचा. ‘शब्द कसले घालतोस? मार्का चांगला ठेव.’ त्यांचं चुकीचं नाही, पण मार्का ओळखणारा दलाल होता. पिंपरीच्या सोसायटीतल्या बाईंना आमची तीन अक्षरं काय सांगणार?

जानेवारीच्या मध्यात पैसे भरले. त्यांनी एक फॉर्म पाठवला. ‘तुमचा आदर्श ग्राहक कोण?’, ‘तुमचा ब्रँड माणूस असता तर कसा असता?’ मी लिहिलं, माझ्यासारखा असता, उन्हाने काळा. नवव्या दिवशी पहिला मसुदा आला. त्यातलं पहिलं वाक्य जसंच्या तसं देतो:

‘निसर्गाच्या कुशीत वाढलेला, प्रेमाने जपलेला, तुमच्या चवीच्या कळ्यांना स्वर्गीय अनुभव देणारा 100% सेंद्रिय अस्सल देवगड हापूस!’

मोहराच्या कळ्या मला माहीत आहेत. चवीच्या कळ्या कुठल्या झाडाला येतात ते कळलं नाही. इंग्रजीत कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असणार, त्याची ही अनाथ मुलं. पूर्ण मसुद्यात ‘अस्सल’ अकरा वेळा. बायकोने पेन्सिलने गोल केले आणि म्हणाली, एवढ्या वेळा सांगायला लागतंय म्हणजे नक्कीच नकली असणार.

पण हसून सोडण्यासारखं ते नव्हतं. त्या एका वाक्यात तीन गोष्टी चुकीच्या होत्या, आणि तिन्ही मुद्दाम घातलेल्या.

एक, देवगड. मी रत्नागिरीचा. फोन करून सांगितलं तर तिथला वरचा माणूस म्हणाला, ‘सर, गूगलवर देवगड जास्त सर्च होतं, लोकांना फरक कळत नाही.’ आप्पा शेजारीच बसून सुतळी वळत होते. ते म्हणाले, ‘आंबा रत्नागिरीचा आणि नाव देवगडचं? उद्या नातवाला शेजाऱ्याचं आडनाव लाव.’ हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांसाठी. म्हणजे माझा आंबा आपल्या नावाने हापूसच आहे, त्याला दुसऱ्याच्या नावाची गरज नाही. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणारे काय करतात, तेच मी थोड्या कमी अंतरावरून करणार होतो. या भेसळीला कंटाळून देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात फळावर वेगवेगळ्या नंबराचं स्टिकर लावायला घेतलं. शब्दावरचा भरवसा उडाला की नंबर चिकटवावा लागतो.

त्याच अनुषंगाने: लेबलवर त्यांनी जीआयचं, म्हणजे त्या भौगोलिक मानांकनाचं, चिन्हही टाकून दिलं होतं. पाच जिल्ह्यांत बाग असली म्हणून ते चिन्ह आपोआप मिळत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून आपल्या नावाची नोंदणी व्हावी लागते. माझी तेव्हा झाली नव्हती. मी चिन्ह काढायला सांगितलं तर उत्तर आलं, ‘ट्रस्ट एलिमेंट आहे सर.’ ट्रस्ट आहे म्हणूनच काढा म्हटलं.

दोन, सेंद्रिय. मोहर आल्यापासून तुडतुडा, फुलकिडे आणि भुरी यांच्यासाठी माझ्या पाच-सहा फवारण्या होतात. वेळापत्रकाप्रमाणे करतो, काढणीच्या आधी जेवढे दिवस सोडायचे तेवढे सोडतो, पण करतो. सेंद्रियवाल्यांकडे प्रमाणपत्रं असतात. माझ्याकडे औषधाच्या दुकानाची बिलं आहेत.

तीन, निसर्गाची कूस. आमची बाग कातळावर आहे. आजोबांनी सुरुंग लावून खड्डे फोडले, खालच्या मळ्यातली माती बायकांनी डोक्यावरून वर आणली, तेव्हा एकेक कलम लागलं. पहिली काही वर्षं घागरीने पाणी घातलं. निसर्गाने कूस वगैरे काही दिली नाही, दिला तो जांभा दगड.

हे सगळं मी रागाच्या भरात ईमेलमध्ये लिहून पाठवलं आणि पैसे परत मागितले. पैसे आले नाहीत, फोन आला. पलीकडे एक मुलगी. आवाजावरून पंचवीसच्या आतली. ‘काका, ते सुरुंगाचं परत सांगाल?’

मी 46 वर्षांचा आहे, काका म्हटलेलं मला आवडत नाही, पण सांगितलं. ती तासभर फोनवर होती. आता या सेवेचा खरा भाग इथून सुरू होतो, तेव्हा जरा सावकाश सांगतो.

फॉर्ममधले प्रश्न तिने एकही विचारला नाही. विचारलं काय, तर सकाळी किती वाजता काढणी सुरू करता? आंबा झाडावरून कसा उतरवता? मी झेल्याचं सांगितलं: लांब काठीच्या टोकाला जाळीची पिशवी आणि आत पातं, आंबा देठासकट कापून पिशवीत अलगद पडतो. देठ का ठेवता? कारण देठ मुळातून तुटला की चीक वाहून सालीवर ओघळतो, आणि जिथे ओघळतो तिथे काळा डाग. डाग पडलेला आंबा काय करता? घरी खातो. ‘म्हणजे तुमच्या घरचे कायम डागाळलेलेच आंबे खातात?’ मला हसू आलं. खरंच की. चांगला आंबा आमच्या पोरांनी क्वचित बघितला असेल.

मग तिने विचारलं, काढायच्या वेळी आंबा तयार झालाय ते कसं ओळखता? मी सहज म्हणालो, ‘चौदा आणे झाला की काढायचा. बारा आण्याला काढला तर पिकतो पण गोडी येत नाही, सोळा आणे झाडावर ठेवला तर मुंबईला पोचेस्तोवर हातातून जातो. चौदा आणे झाडावर, उरलेले दोन आणे तुमच्या घरात.’

पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

‘काका, हे शेवटचं वाक्य परत म्हणा.’

इथे सगळे बागायतदार असंच बोलतात. बारा आणे, चौदा आणे हे आमचं रोजचं आहे, त्यात मला कधी काही दिसलं नव्हतं. सोळा आण्यांचा रुपया जाऊन कित्येक वर्षं झाली, 1957 ला नवे पैसे आले, पण आंब्याचं माप अजून त्याच हिशेबात. तिने ते वाक्य उचललं आणि सगळ्या मजकुराच्या वर ठेवलं:

‘चौदा आणे झाडावर, दोन आणे तुमच्या घरात.’

त्याखाली चार ओळी. पेटी आली की आंबे हिरवे दिसतील, घाबरू नका. पेंढ्यात किंवा वर्तमानपत्रात, देठ वर ठेवून, एकावर एक न रचता ठेवा. फ्रिजमध्ये आत्ताच ठेवू नका, कच्चा आंबा गारठला की पिकायचा राहतो. रंगाकडे बघू नका, वासाकडे बघा: खोलीत शिरल्यावर आंबा घरात आहे हे कळलं आणि देठाजवळची साल किंचित सैल झाली की कापा.

या मजकुराने काय झालं ते सांगतो. आधीच्या वर्षापर्यंत पेटी पोचली की दुसऱ्या दिवशी फोन यायचे, ‘अहो, कच्चे आंबे पाठवलेत.’ प्रत्येकाला समजावताना बायकोचा घसा बसायचा. त्या हंगामात ते फोन जवळजवळ बंद. उलट लोक चौथ्या-पाचव्या दिवशी फोटो पाठवायला लागले, ‘आमचे दोन आणे झाले!’ आंबा पिकेपर्यंत थांबणं ही गिऱ्हाइकाची तक्रार होती, ते त्याचं काम झालं, आणि आपलं काम म्हटल्यावर माणसाला त्याचं कौतुक वाटतं. शब्द बदलले, हिरवा आंबा तोच. जाहिरातीच्या शब्दांची ताकद म्हणतात ती मला इथे पहिल्यांदा दिसली, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

ठाण्याच्या एका तरुण मुलाने मात्र विचारलं, ‘दोन आणे आमच्या घरात म्हणजे डिलिव्हरी चार्ज वेगळा का?’

सुरुंगाची गोष्ट तिने चिठ्ठीत घातली, सहा ओळींत, एकही विशेषण न लावता. ‘चवीच्या कळ्या’ गेल्या, सेंद्रिय गेलं, देवगड गेलं. ‘अस्सल’ एकदाच उरला, तोही आप्पांच्या तोंडी.

या चांगल्या भागावर थांबलो असतो तर पाचपैकी पाच दिले असते. पण पॅकेजमध्ये वीस मेसेज होते, आणि त्यातले बारा त्या मुलीने लिहिलेले नव्हते. ते तयार डब्यातले होते. कुठल्याही मालाला लावा, चिकटतात. आठवा मेसेज असा:

‘शेवटची संधी! फक्त 7 पेट्या शिल्लक. आज रात्री 12 नंतर बुकिंग बंद!’

सोबत सूचना होती की अक्षय्य तृतीयेच्या आधी चार दिवस, रात्री साडेनऊला पाठवा. मी पाठवला. कबूल करतो, मनात आलं होतं की हे खरं नाही. सात पेट्या हा आकडा कुठून आला, आढीत (पेंढ्यात आंबे पिकत घालतात ती) त्या दिवशी तयार पेट्या अकरा होत्या. पण पैसे भरलेत, तज्ज्ञांनी सांगितलंय, बघूया म्हटलं. माझ्याकडे 412 नंबर होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 च बसतात म्हणून दोन याद्या केल्या. (ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही, हे त्यांनी मला सांगायला हवं होतं. ते मला भाच्याने सांगितलं, एप्रिलच्या शेवटी.)

रात्री बारापर्यंत 38 पेट्यांचे पैसे आले.

फोन वाजत होता आणि बायको माझ्याकडे बघत होती. 38 पेट्या म्हणजे पाच डझनांच्या हिशेबाने 190 डझन, तेही सणाच्या आधी, घरी पोचून पिकायला वेळ मिळेल अशा. अकरा गेल्या. पंधरा सणानंतर गेल्या. बाराजणांना पैसे परत केले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीच्या आमच्या एका जुन्या बाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

‘अहो, सात पेट्या उरल्यात म्हणून मी रात्री अकराला पैसे पाठवले. माझ्या बहिणीनेही पाठवले. तिच्या शेजारणीनेही. आमच्या एका बिल्डिंगमध्ये पाचजणी आहोत. सातात किती जणी बसवल्यात?’

वर्गात उभं केल्यासारखं झालं. काही उत्तर नव्हतं. त्यांना पेटी मिळाली, वेळेवर मिळाली, पण त्यानंतर त्यांनी पुन्हा मागवली नाही. आधी त्या दर हंगामात चार पेट्या घ्यायच्या.

नंतर कळलं की ही नुसती लबाडी नाही, याला सरकार-दरबारी नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला फसव्या मांडणीच्या विरोधात मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार मोजले आहेत आणि यादीत पहिलंच नाव खोट्या घाईचं आहे: नसलेला तुटवडा दाखवायचा, नसलेली मुदत सांगायची. मोठ्या ऑनलाइन दुकानांपुरतं हे नाही, माल विकणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्यालाही लागू आहे. कंपनीला हे कळवलं. उत्तर: ‘सर, इंडस्ट्रीत सगळे करतात.’ पुढे हसरा चेहरा.

खरी घाई आंब्याच्या धंद्यात नसते का? भरपूर असते. पेटी आढीत तयार झाली की तिला दोन-तीन दिवसांत जायलाच हवं. मेच्या शेवटी पाऊस डोक्यावर आला की झाडावरचा आंबा एका रात्रीत संपतो. एकदा मी स्वतःच लिहून पाठवलं: ‘उद्या वळीव येईल असं वाटतंय. आज संध्याकाळपर्यंत जेवढा काढून होईल तेवढाच शेवटचा. 14 पेट्या होतील बहुतेक.’ त्या 16 झाल्या आणि 16 ही गेल्या. पाऊस मात्र आला नाही, दोन दिवसांनी आला, त्यावरून दोघांनी मला चिडवलं. ते चालतं.

भावाबद्दल थोडंसं. 5,000 ची पेटी 4,999 करा असा सल्ला होता. केली. निम्म्या लोकांनी 5,000 च पाठवले, एकाने खाली लिहिलं, ‘रुपया आप्पांना चहाला.’ यात काही दम नाही, सोडून देतो.

‘कार्बाइडमुक्त’ या शब्दावर मात्र माझं त्या मुलीशी गोड भांडण झालं. मी म्हटलं, कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे, मग ‘आम्ही कार्बाइड वापरत नाही’ हे काय सांगायचं? उद्या ‘आम्ही चोरी करत नाही’ असंही लिहाल. त्यावर तिने मला अमेरिकेतल्या क्लॉड हॉपकिन्सचा किस्सा सांगितला. हा जुना जाहिरात-लेखक श्लिट्झ नावाच्या बिअरचा कारखाना बघायला गेला. बाटल्या वाफेने धुतात, पाणी खोल विहिरीतून काढतात, हे बघून थक्क झाला. मालक म्हणाले, अहो हे तर सगळेच कारखाने करतात. हॉपकिन्स म्हणाला, करत असतील, पण सांगितलं कुणीच नाही. त्याने ते लिहिलं आणि बिअरचा खप चढत गेला. ‘तुमचा झेला, तुमचा देठ, तुमचा पेंढा, हे सगळं तुमच्या शेजाऱ्याकडेही आहे,’ ती म्हणाली, ‘पण सांगताय तुम्ही.’

किस्सा पटला, तरी कार्बाइड मी लिहू दिलं नाही. वाफेने बाटली धुतो हे सांगणं म्हणजे आपण काय करतो ते सांगणं. कार्बाइड वापरत नाही असं म्हटलं की शेजारचा वापरतो असा वास येतो. बाजूच्या बागेतला माणूस माझ्या भावकीतला आहे. शेवटी तिने लिहिलं: ‘आंबा पेंढ्यात आढी लावून पिकतो, म्हणून सगळी पेटी एका दिवशी तयार होत नाही.’ ज्याला कळायचं त्याला कळलं.

आता आजोळ. चार मेसेज आठवणींवर होते: मे महिन्याची सुट्टी, माजघरातला वास, पलंगाखाली आढी, आजी रोज सकाळी चाचपून पिकलेले वेगळे काढायची. हे त्या मुलीचंच लिखाण, आणि सुंदर होतं. वाचताना मला माझी आजी दिसली, आणि लगेच स्वतःचीच शंका आली की हा मेसेज पैसे काढण्यासाठी लिहिलेला आहे हे मला माहीत असूनही डोळे का भरले. दादर-पार्ल्याच्या लोकांवर तो चालला. सोलापूरच्या एकांनी मात्र कळवलं, ‘आमच्या आजीच्या पलंगाखाली ज्वारीची पोती होती. तुमचा भाव सांगा.’

आणि एक जागा, जिथे मी कंपनीचं ऐकायला हवं होतं. मला साक्याबद्दल लिहायचं होतं. हापूसला साका होतो: बाहेरून सोन्यासारखा, कापला की आत पांढरट, चामट, आंबूस गर. कापल्याशिवाय कुणालाच कळत नाही, मलाही नाही. मी म्हटलं लिहा, ‘साका निघाला तर फोटो पाठवा, आंबा भरून देऊ.’ ते म्हणाले, नकारात्मक शब्द नको, ज्याला माहीत नाही त्यालाही सांगून ठेवाल. मी ऐकलं नाही, स्वतः लिहून चिठ्ठीत टाकलं. हंगामात 23 फोटो आले. काही खरे. काहींत नुसता जास्त पिकलेला आंबा. एका फोटोत कापलेल्या आंब्याच्या मागे गणपतीची आरास होती, मे महिन्यात. मी सगळ्यांना भरून दिलं, आराशीवाल्यांनाही, पण हिशेब मांडला तर साडेसहा डझन आंबे त्या एका वाक्याने खाल्ले. पुढच्या हंगामात ते वाक्य ठेवू की नको, अजून ठरत नाहीये. बायको म्हणते ठेवा. आप्पा म्हणतात, साका हा शब्दच त्या लोकांना कुणी शिकवला?

आकडे. बायकोने वहीत प्रत्येक नव्या गिऱ्हाइकापुढे ‘काय वाचून आलात?’ याचं उत्तर लिहून ठेवलं. नवी गिऱ्हाइकं 64. चौदा आणे वाचून 31, सुरुंगाची गोष्ट पुढे पाठवलेली वाचून 14, आजोळवाला मेसेज वाचून 9, आणि मैत्रिणीने किंवा नातेवाइकाने सांगितलं म्हणून 10. थेट पेट्या 96 वरून 171. यातलं सगळं श्रेय शब्दांना देत नाही, त्या वर्षी माल जास्त होता आणि वाशीचा भाव पडल्यामुळे मीच थेट विक्रीला जास्त जोर लावला. पण 14,500 सुटले, हे नक्की.

कुणी घ्यावी ही सेवा? ज्याचा माल तयार आहे आणि जो फोनवर तासभर बोलायला तयार आहे त्याने. फॉर्म भरून गप्प बसलात तर चवीच्या कळ्या मिळतील. पहिल्याच दिवशी सांगा की लिहिणाऱ्या माणसाशी बोलायचं आहे, मधल्या साहेबांशी नाही. तयार मेसेजचा डबा नको म्हणा आणि तेवढे पैसे कमी करायला सांगा, मला ते उशिरा सुचलं. मजकूर मोठ्याने वाचून बघा. घरात ज्याला जाहिरात आवडत नाही त्याच्यासमोर वाचा. आमच्याकडे त्या कामाला आप्पा आहेत. आणि मसुदा डिसेंबरात मागवा. मार्चमध्ये दुरुस्त्या करायला तुम्हालाही वेळ नसतो आणि त्यांच्याकडे आमच्यासारखे बागायतदार तेव्हाच रांग लावतात.

पुण्यात दुकानावर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी असते. माझ्या मते मराठीतली ती सर्वांत भारी जाहिरात आहे, चार शब्दांत सगळा तोरा. ती लिहायला कुणी किती पैसे घेतले असतील कोण जाणे. हे मी त्या मुलीला म्हटलं होतं. ती म्हणाली, ‘कुणी लिहिली नसेल काका, दुकानदार कुणावर तरी वैतागून बोलला असेल, आणि कुणीतरी ऐकलं असेल.’ ती मुलगी आता त्या कंपनीत नाही. यंदा फोन केला तर दुसराच मुलगा होता, त्याने मला फॉर्मची लिंक पाठवली.

आप्पांनी संबंध हंगामात त्या वाक्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ऑक्टोबरात पेट्यांचं सामान काढताना बघितलं तर जुन्या मार्क्याच्या पत्र्याशेजारी नवा पत्रा. रत्नागिरीहून कापून आणलेला. आमची तीन अक्षरं, आणि खाली ‘चौदा आणे’. मी विचारलं, बाकीचे दोन आणे कुठे गेले? ते म्हणाले, पत्र्यावर जागा नव्हती.